सापडलेले फोटो: गोळा करताना, वाचताना, वाटताना



आपल्या मंडळात ‘चित्रावरून कथा’ ही स्पर्धा दरवर्षी होते. एक जुना फोटो फळ्यावर लावायचा आणि अर्ध्या तासात गोष्ट लिहायची. गोष्टी छान येतात. पण स्पर्धेनंतर काही जण तोच फोटो मोबाइलवर पुढे पाठवतात आणि खाली आपल्या गोष्टीतली एखादी ओळ टाकतात: ‘निजामाच्या दरबारातल्या एका मराठी सरदाराचं कुटुंब.’ दोन दिवसांनी तो फोटो तिसऱ्याच कुणाकडून परत येतो, तेव्हा ती ओळ गोष्टीतली राहिलेली नसते. ती माहिती झालेली असते.

हा लेख त्यासाठी आहे. गेली बरीच वर्षं मी हैदराबादच्या जुन्या बाजारांतून लोकांचे टाकून दिलेले फोटो गोळा करतो आहे. गुरुवारचा जुमेरात बाजार, रविवारी आबिड्‌सच्या फूटपाथवरची जुनी पुस्तकं, मोडायला काढलेल्या घरांबाहेरचे ढीग. कुणाचे ते ठाऊक नसलेले, विकत किंवा फुकट हाती आलेले असे फोटो म्हणजे ‘सापडलेले फोटो’. ते कसे घ्यावेत, कसे वाचावेत आणि दुसऱ्यांना दाखवताना काय पाळावं, हे इथे क्रमाने सांगतो. सगळ्याचं सार एवढंच की सापडलेल्या फोटोला आधी त्याचा ठावठिकाणा द्यायचा. गोष्ट नंतर, आणि ती गोष्ट आहे असं सांगून.

१. फोटो बाजारात येतो कसा?

घरातला फोटो कुणी मुद्दाम विकायला काढत नाही. जुनं घर पाडून अपार्टमेंट उठतं, भावंडांच्या वाटण्या होतात, मुलं अमेरिकेला किंवा पुण्याला असतात, आणि शेवटची म्हातारी व्यक्ती गेली की कपाटं रिकामी करायला कबाडीवाल्याला बोलावतात. त्याला हवी असते सागवानी चौकट आणि काच. आतला फोटो त्याच्या दृष्टीने उरलेला माल. तो काढून तो एका पोत्यात टाकतो आणि पोतं बाजारात येतं.

हैदराबादच्या बाजारात मराठी घरांतले फोटो बरेच सापडतात, याला इतिहास आहे. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. नोकरी, वकिली, शिक्षण, कोर्टाची कामं यांसाठी तिकडची माणसं इथे येत, स्टुडिओत फोटो काढून गावी पाठवत, गावचे फोटो इथे येत. राज्याची फाळणी भाषेप्रमाणे झाली, पण घरातल्या ट्रंका जिथल्या तिथे राहिल्या.

बाजारात एक गोष्ट मात्र फोटोंच्या मुळावर येते. विकणारे अल्बम फोडतात. अख्खा अल्बम घ्यायला गिऱ्हाईक नसतं, सुटे फोटो वीस-तीस रुपयांना जातात. मोटारीबरोबरचा, घोड्यावरचा, दागिन्यांनी मढलेल्या बाईचा फोटो आधी उचलला जातो. साध्या माणसांचे मागे राहतात. एका घराचे चाळीस फोटो चाळीस हातांत गेले की त्यांचं एकमेकांशी नातं कायमचं तुटतं. मोटारीजवळ उभा असलेला मुलगाच पुढच्या पानावर नवरदेव होता, हे मग कुणालाच कळत नाही.

म्हणून पहिला नियम: जमलं तर गठ्ठा घ्या. पैसे कमी असतील तर मित्रांनी मिळून घ्या. गठ्ठा घेता येत नसेल तर निदान विक्रेत्याच्या परवानगीने शेजारच्या फोटोंचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मी एकदा एका विक्रेत्याला विचारलं, ‘हे कुणाच्या घरचं?’ तो म्हणाला, ‘नाम नक्को पूछो साब, गठ्ठा लेना है तो लो.’ पण चहा झाल्यावर कोणत्या मोहल्ल्यातून पोतं आलं तेवढं त्याने सांगितलं. तेवढंही पुष्कळ असतं.

२. पहिली नोंद

घरी आल्यावर फोटो बघत बसायच्या आधी वहीत नोंद करायची. कधी घेतला, कोणत्या बाजारात, कशाबरोबर होता, कशात गुंडाळलेला होता. प्रत्येक फोटोला एक क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक पाकिटावर लिहायचा. हे कंटाळवाणं वाटतं, पण पुढे कोणतीही चौकशी याच नोंदीवर उभी राहते.

याचं एक सुंदर उदाहरण स्कॉटलंडचं आहे. २०१२ साली एडिंबरा इथल्या प्राचीन व ऐतिहासिक वास्तूंच्या शाही आयोगाच्या संग्रहात बुटांच्या एका खोक्यात १७८ काचेच्या निगेटिव्ह्ज सापडल्या. भारतातल्या होत्या. रस्ते, घाट, घरं, माणसं. छायाचित्रकाराचं नाव कुठेच नव्हतं. पण त्या ‘स्टेट्समन’ वर्तमानपत्राच्या १९१४ च्या अंकांत गुंडाळलेल्या होत्या आणि त्यांतल्या काही पंचम जॉर्ज आणि राणी मेरी कलकत्त्याला आले त्या वेळच्या निघाल्या. ती भेट १९११ संपून १९१२ उजाडतानाची. म्हणजे काही चित्रं कधीची हे चित्रानेच सांगितलं, आणि बांधाबांध कधीची असावी याचा अंदाज रद्दीने दिला. कुणी तो कागद ‘कचरा’ म्हणून फेकला असता तर अर्धा पुरावा गेला असता.

आपल्या पोत्यांतही हेच असतं. एखाद्या फोटोमागे कोंबलेली लग्नपत्रिका, दुकानाची पावती, औषधाच्या कागदाचा तुकडा. तो वेगळा टाकू नका. त्याच पाकिटात, त्याच क्रमांकाखाली ठेवा.

३. आधी पाठ, मग चेहरा

आपल्याला चेहरा बघायची घाई असते. पण अभ्यास पाठीपासून सुरू करायचा. पुठ्ठा, शिक्का, हस्ताक्षर, कागद यांना कल्पनाशक्ती नसते, म्हणून ते कमी फसवतात.

आकार बघा. साधारण अडीच बाय चार इंचांचा पुठ्ठा असेल तर तो ‘कार्त-द-व्हिजिट’ प्रकारचा. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ मध्ये याचं पेटंट घेतलं. साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचांचा असेल तर ‘कॅबिनेट’. तो १८६० च्या दशकात आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालला. पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आणि पांढरा भाग पिवळट पडलेला असेल तर बहुधा अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला अल्ब्युमिन कागद, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला. फोटो उजेडात तिरपा धरल्यावर काळ्या भागावर चांदीसारखी झाक दिसली तर तो जिलेटिनचा कागद, म्हणजे सर्वसाधारणपणे त्यानंतरचा.

स्टुडिओचा पत्ता बघा. आपल्या शहरातलं सर्वांत मोठं नाव लाला, पुढे राजा दीनदयाळ यांचं. ते मूळचे सरधान्याचे. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करता करता छायाचित्रकार झाले, पुढे सहाव्या निजामाचे, मीर महबूब अली खान यांचे, दरबारी छायाचित्रकार. त्यांचा सिकंदराबादचा स्टुडिओ १८८६ चा, मुंबईचा १८९६ चा. म्हणून पुठ्ठ्यावर सिकंदराबाद आणि मुंबई अशी दोन्ही नावं छापलेली असतील तर तो पुठ्ठा १८९६ च्या आधीचा असू शकत नाही. दीनदयाळ १९०५ मध्ये वारले, पण मुलांनी स्टुडिओ पुढे चालवला, म्हणून नुसत्या नावावरून ‘१९०५ च्या आतला’ असं मात्र म्हणता येत नाही.

हा तर्क नीट समजून घ्या, कारण सगळीकडे हाच लागू पडतो. बहुतेक खुणा ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगतात. जुना पुठ्ठा, जुना शिक्का नंतरही वापरला जातो. आणखी काही खुणा अशा:

• शिक्क्यात सहा आकडी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. पिन त्या दिवशी सुरू झाला.

• किंमत ‘नये पैसे’त लिहिलेली असेल तर १ एप्रिल १९५७ नंतरची. आणे असतील तर बहुधा त्याआधीची, पण आणे बोलण्यात बराच काळ राहिले हे विसरू नका.

• कागदाच्या पाठीवर ‘इंदू’ छापलेलं असेल तर तो उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कागद. या कारखान्याचं उत्पादन १९६७ पासूनचं.

• पाठीवर पोस्टकार्डासारख्या रेघा असतील तर तो फोटो टपालाने पाठवायच्या कागदावर छापलेला, म्हणजे विसाव्या शतकातला. तिकीट आणि टपालाचा शिक्का असेल तर तारीखच मिळाली.

आता हस्ताक्षर. इथे आपण मराठीचे विद्यार्थी असण्याचा खरा उपयोग आहे. जुन्या फोटोंच्या पाठीवर मोडी सापडते. मंडळात मोडी वाचणारे एक-दोघे असतील तर बसा त्यांच्याजवळ. न कळणाऱ्या रेघोट्या म्हणून ती पुसू नका.

आणि साल. माझ्याकडे एक जोडप्याचा फोटो आहे. पाठीवर शाईने लिहिलंय: ‘तीर्थरूप दादांचे सेवेसी. पोच कळवावी. खुरदाद १३४७ फ.’ एका विद्यार्थ्याने हे साल हिजरी समजून गणित केलं आणि १९२८ काढलं. पण शेवटचा ‘फ.’ फसलीचा आहे. हैदराबाद राज्याच्या कारभारात फसली सन चालायचा आणि महिन्यांची नावं फारसी होती. वर्ष ऑक्टोबरच्या सुमाराला आजूर महिन्याने सुरू व्हायचं. फसली सालात ५९० मिळवा, आणि जानेवारीनंतरचा महिना असेल तर ५९१. खुरदाद हा सातवा महिना, म्हणजे एप्रिलच्या आसपास. १३४७ अधिक ५९१, म्हणजे एप्रिल १९३८. एका अक्षरामुळे दहा वर्षांचा फरक पडला. शके लिहिलेलं असेल तर साधारण ७८ मिळवायचे, हे तुम्हाला पंचांगामुळे ठाऊक आहेच. मराठी पत्र, फारसी महिना आणि फसली साल, तिन्ही एका ओळीत. हैदराबादच्या मराठी माणसाचं जगणं यापेक्षा थोडक्यात कुणी सांगू शकेल का?

४. चेहरा वाचताना

आता फोटो पालथा घाला आणि समोरची बाजू बघा. इथे सावध राहायचं, कारण स्टुडिओ हे एक नाटकगृह होतं. मागचा संगमरवरी जिना पडद्यावर रंगवलेला असतो. घड्याळ, टेबलावरचं पुस्तक, फुलदाणी, कोट, कधीकधी बूटसुद्धा स्टुडिओचे.

याच जोडप्याच्या फोटोत बाई एका भारी कोरीव खुर्चीत बसल्या आहेत. ‘चांगलं खानदानी घर दिसतंय,’ असं आमच्यातल्या बहुतेकांचं मत पडलं. मंडळाच्या हळदीकुंकवाला आलेल्या एका आजींना मी तो दाखवला. त्या हसून म्हणाल्या, ‘अहो, ही खुर्ची कुणाच्या घरची नाही. माझ्या जाऊबाईंचा फोटो पण हिच्यातच आहे. त्यांच्या घरी बसायला चटया होत्या.’ त्यांनी जाऊबाईंचा फोटो आणून दाखवला. तीच खुर्ची, हाताशी तोच तुटलेला कोपरा. आमचा ‘खानदानी घर’ हा निष्कर्ष गेला, पण त्याबदल्यात पक्का धागा मिळाला: दोन्ही फोटो एकाच स्टुडिओतले. आजींच्या फोटोवर शिक्का होता, माझ्यावर नव्हता. खुर्चीने पत्ता दिला.

म्हणून चेहरा वाचताना वहीत तीन रकाने आखा: ‘दिसतं’, ‘वाटतं’, ‘माहीत नाही’. या फोटोपुरते ते असे भरले:

दिसतं: बाई खुर्चीत, पुरुष उभा. नऊवारी, नथ. पुरुषाच्या डोक्याला टोपी, अंगात बंद गळ्याचा कोट. पाठीवर मराठी मजकूर, खुरदाद १३४७ फसली.

वाटतं: नवराबायको असावेत. लग्नानंतर लवकरच काढलेला असावा. ‘दादा’ म्हणजे वडील किंवा थोरले भाऊ, आणि ते दुसऱ्या गावी असावेत, कारण पोच मागितली आहे.

माहीत नाही: नावं, गाव, फोटो दादांपर्यंत पोचला का.

तिसरा रकाना मोकळा ठेवायला लाजू नका. फोटो पुढे गेला की कुणीतरी तोच रकाना वाचून म्हणतं, ‘थांबा, हे मला माहीत आहे.’ तो रकाना आपण मनाने भरून टाकला तर सांगायला कुणी पुढे येत नाही. सगळं ठरलेलंच असतं ना!

५. एक चुकीची ओळ किती लांब जाते

‘झाशीच्या राणीचा खरा फोटो’ तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलवर कधी ना कधी आलेला असेल. दागिने घातलेली एक तरुण बाई, आणि खाली ओळ: हॉफमन नावाच्या छायाचित्रकाराने १८५० साली काढलेला. आपण आत्ताच शिकलो त्या पद्धतीने तपासू. हॉफमन हे नाव ज्या प्रसिद्ध कलकत्त्याच्या स्टुडिओशी जोडलेलं आहे, तो जॉन्स्टन अँड हॉफमन, १८८० च्या दशकात सुरू झाला. राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरला जून १८५८ मध्ये धारातीर्थी पडल्या. फोटो त्या स्टुडिओचा असेल तर राणीचा नाही. राणीचा असेल तर त्या स्टुडिओचा नाही. दोन्ही एका ओळीत बसत नाहीत, आणि तो राणीचा असल्याचा पुरावा त्या ओळीबरोबर येत नाही.

पण ती ओळ थांबत नाही, कारण आपल्याला तो फोटो हवा आहे. राणीचा चेहरा बघायची इच्छा खरी आहे, त्यात काही वाईट नाही. नुकसान मात्र दोघींचं होतं. राणीला दुसऱ्याच कुणाचा चेहरा मिळतो. आणि त्या फोटोतली बाई, जी कुणाची तरी आई, मुलगी असेल, ती स्वतःच्याच फोटोतून नाहीशी होते. तिच्याबद्दल आता कुणी विचारतसुद्धा नाही, कारण सगळ्यांना ‘ठाऊक’ आहे ती कोण ते.

आपल्या लहान फोटोंचंही हेच होतं. ‘निजामाचे सरदार’ म्हणून फिरणारा माणूस बहुधा तहसील कचेरीतला कारकून असतो. कारकून असण्यात कमीपणा काय आहे? भाड्याचा कोट घालून, महिन्याच्या पगारातले पैसे काढून तो स्टुडिओत गेला, ही गोष्ट सरदारकीपेक्षा मला मोठी वाटते. ती त्याची स्वतःची आहे.

६. वाटण्याआधी

फोटो वीस रुपयांना घेतला म्हणजे तो आपला झाला का? कागद आपला झाला. बाकीचं तपासावं लागतं.

कायद्याचं बघू. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, फोटो काढवून घेणारा असतो. म्हणजे स्टुडिओतल्या कुटुंब-फोटोचा हक्क मुळात त्या कुटुंबाकडे जातो, आणि तो रद्दीबरोबर कबाडीवाल्याकडे जात नाही. हक्काची मुदत कधीतरी संपते. पूर्वी फोटोसाठी ती प्रसिद्धीपासून ६० वर्षं होती, २०१२ च्या दुरुस्तीने फोटोंचं हे वेगळं कलम काढून टाकलं. त्यामुळे पुस्तकात किंवा प्रदर्शनात वापरायचा असेल तर जाणकाराला विचारा.

अमेरिकेतलं व्हिव्हियन मेअर यांचं उदाहरण यासाठी लक्षात ठेवा. त्या शिकागोकडे मुलं सांभाळायचं काम करत आणि आयुष्यभर रस्त्यावरचे फोटो काढत. भाडं थकल्यामुळे २००७ मध्ये त्यांचं गोदामातलं सामान लिलावात गेलं. हजारो निगेटिव्ह्ज अनोळखी लोकांच्या हाती पडल्या. त्या वेळी मेअर जिवंत होत्या, त्याच शहरात. एप्रिल २००९ मध्ये त्या वारल्या, आणि जगभर नाव झालं ते त्यानंतर. पुढे हक्कांवरून वाद कोर्टात गेला. त्यांचं काम वाचलं याचा आनंद आहेच. पण त्या असताना ‘बाई, हे लोकांना दाखवू का?’ असं त्यांना कुणी विचारलं नाही, ही बोच राहतेच.

कायद्याच्या पलीकडे रीत आहे. दीनदयाळांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तिथलं काम मिसेस केनी-लेविक या इंग्रज बाईंकडे दिलं, कारण पडदा पाळणाऱ्या स्त्रिया परक्या पुरुषासमोर बसणार नव्हत्या. असे फोटो घरातल्या माणसांसाठीच काढलेले होते. आज तो आपल्या हातात पडला म्हणून त्या बाईची अट संपली का? शंभर वर्षं झाली, नातेवाईक सापडत नाहीत, अभ्यासाला उपयोग आहे, हे सगळं मान्य. तरी ‘दाखवावा का’ हा प्रश्न स्वतःला एकदा विचारल्याशिवाय तो फोटो पुढे पाठवू नये, असं माझं मत आहे.

हे केवळ तत्त्व नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळी संमेलनात आम्ही दहा फोटो फळ्यावर लावले, वर लिहिलं, ‘ओळखता का?’ त्यांत एका विधवा बाईंचा फोटो होता. केशवपन केलेलं, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत. एक गृहस्थ त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, ‘ही आमच्या आजोबांची आत्या. तिने जन्मात एकदाच फोटो काढू दिला, तोही भावाने फार गळ घातली म्हणून. आमच्याकडचा पुरात गेला.’ त्यांची विनंती होती की फोटो घरी न्यायला मिळावा आणि त्याची प्रत कुठे फिरू नये. मंडळाने एकमताने दिला. स्कॅनही पुसला. वहीत त्या क्रमांकापुढे लिहिलं आहे: ‘घरी गेला.’ माझ्या सगळ्या संग्रहात ती दोन शब्दांची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते.

म्हणून वाटण्याचा क्रम असा ठेवा. आधी लहान वर्तुळात: मंडळातले ज्येष्ठ, जुन्या मोहल्ल्यातली घरं. लग्नाचा किंवा बाप्तिस्म्याचा फोटो चर्चच्या दारात काढलेला असेल तर त्या चर्चच्या नोंदवह्या सांभाळणाऱ्यांना विचारा. मग मोठ्या वर्तुळात. दोन्ही बाजू दाखवा, तीन रकाने जोडा. पाठीवरचं पूर्ण नाव आणि घरचा पत्ता झाका. १९५० नंतरच्या फोटोतली मुलं आज आजी-आजोबा असतील, तेव्हा ‘जुना फोटो’ म्हणून बिनधास्त राहू नका. आजारी, मृत, रडणाऱ्या माणसांचे फोटो फिरवूच नका. कुणी ‘काढा’ म्हटलं तर वाद न घालता काढा.

अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’मध्ये घरची माणसंच आपला फोटो आणि त्याची हकीकत देतात. तिथे फोटो आणि आठवण हातात हात घालून येतात. आपल्याकडे फोटो एकटाच येतो. त्याची आठवण कुठेतरी एखाद्या आजींच्या डोक्यात आहे. आपलं काम दोघांची गाठ घालून देण्याचं.

७. सांभाळायचं कसं?

थोडक्यात सांगतो. हात धुऊन, कोरडे करून, कडेला धरा. पाठीवर पेनाने लिहू नका. लिहायचंच तर मऊ पेन्सिलने, कडेला, न दाबता, फक्त क्रमांक. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच नको, आणि चिकट पानांचे अल्बमही नकोत. प्रत्येक फोटो वेगळ्या साध्या कागदी पाकिटात, पाकिटं खोक्यात, खोकं जमिनीपासून वर आणि ओल नसलेल्या भिंतीशी. पावसाळ्यानंतर उघडून कसर लागली नाही ना ते बघा. चौकटीच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट ठेवा. स्कॅन दोन्ही बाजूंचा, निदान ६०० डीपीआयवर, आणि फाइलला वहीतलाच क्रमांक. रंग उजळायचे असतील तर प्रतीवर उजळा, मूळ स्कॅनला हात लावू नका.

८. करून पाहा

१. सुट्टीत घरी गेलात की एक तरी विना-नावाचा फोटो घ्या आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. कोण, कुठे, कधी हे विचारून लिहून काढा. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा. बाजारात येणारं पोतं इथेच थांबवता येतं.

२. जुन्या बाजारातून किंवा कबाडीवाल्याकडून एक फोटो आणा. पाठ वाचून तो ‘याच्या आधीचा नाही’ असं एक साल ठरवा आणि कारण लिहा.

३. त्याच फोटोचे तीन रकाने भरा. ‘वाटतं’मधल्या प्रत्येक वाक्यापुढे ते का वाटतं हे एका ओळीत लिहा. कारण सापडलं नाही तर ते वाक्य तिसऱ्या रकान्यात हलवा.

४. आता त्यावर गोष्ट लिहा. मनमोकळी लिहा, हवं तर सरदार करा, राजा करा. फक्त वर ‘काल्पनिक’ असं लिहा, आणि गोष्टीबरोबर फोटो पाठवू नका.

तुमच्या नोंदी मंडळाच्या वहीत घ्यायच्या आहेत. वहीत सध्या शंभरावर क्रमांक आहेत, आणि ‘घरी गेला’ ही नोंद फक्त एकापुढे. यंदा ती दुसऱ्या कुठल्या क्रमांकापुढे लिहिता आली तर फार बरं होईल.